गावाक नाय! ४०४ या आकड्याची गोष्ट

आजचा भाग एका पांढऱ्या पानाबद्दल आहे. तुम्ही ते पान शंभरदा बघितलंय आणि शंभरदा अंगठ्याने मागे ढकललंय. मीही ढकलायचो. माझं तर पोटच वेबसाईट बनवण्यावर चालतं, आणि तरीही त्या पानाकडे मी नीट बघितलं ते काकीमुळे.

मे २०२१. १६ तारखेला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला घासून वर गेलं. मालवणात वीज नाही, टॉवर नाही, आणि रस्त्यावर माड आडवे. काकांनी होडी वर ओढून ठेवली होती, तरी एक माड बरोबर तिच्यावरच पडला. मी तेव्हा पुण्यातून घरी येऊन वर्क फ्रॉम होम करत होतो. वर्क कसलं, होमच जास्त. काही दिवसांनी नेटवर्क आलं आणि व्हॉट्सअपवर लिंक फिरायला लागल्या. नुकसानभरपाईचा अर्ज इथे, पंचनाम्याची माहिती तिथे.

काकी आमच्या पडवीत येऊन बसली. म्हणाली, "बाबू, आमचा नाव नाय रे यादीत."

मी विचारलं, "कुठची यादी?"

"मोबाईलार इला. नॉट फाऊंड म्हणान."

मी तिचा फोन घेतला. पांढरं पान, मधोमध ठळक काळ्या इंग्रजी अक्षरांत ४०४ नॉट फाऊंड, त्याखाली एक रेघ आणि सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचं नाव. बाकी काही नाही. ती लिंक यादीची नव्हतीच, कोऱ्या अर्जाची होती. त्या साईटवर कुणीतरी फोल्डर बदलला होता, आणि अर्ज त्याच साईटवर दुसरीकडे पडलेला होता. मुखपृष्ठावरून तिसऱ्या क्लिकला मला सापडला. दोन मिनिटं लागली असतील.

पण काकी चार दिवस गप्प होती. तिला नॉट आणि फाऊंड हे दोन्ही शब्द कळत होते, त्यामुळे तिने अगदी तर्काला धरून अर्थ लावला: आपलं नाव सापडलं नाही. वर तिचं वाक्य काय, तर "माजाच कायतरी चुकला वाटता."

अर्ज मुदतीत गेला. पैसे किती आणि कधी आले तो वेगळा एपिसोड होईल. मला जी गोष्ट टोचली ती अशी की त्याच आठवड्यात मी आमच्या कंपनीच्या एका क्लायंटसाठी ४०४ चं पान बनवत होतो. त्यात एक अंतराळवीर तरंगत होता आणि खाली लिहिलं होतं, "अरेरे! तुम्ही अंतराळात हरवलात." टीममध्ये सगळ्यांना भारी आवडलं होतं. काकीने ते पान बघितलं असतं तर?

तर आज आपण बघणार आहोत की "सापडलं नाही" हे सांगायची ही पद्धत आली कुठून, आणि त्यात "चूक तुझी" हे कधी घुसलं.

चला स्वित्झर्लंडला. सर्न ही अणुभौतिकीची प्रयोगशाळा. तिथे टिम बर्नर्स-ली या इंजिनिअरने मार्च १९८९ मध्ये माहिती एकमेकांना जोडण्याचा एक प्रस्ताव लिहिला, आणि १९९० संपता संपता पहिला वेब सर्व्हर चालू केला. हायपरटेक्स्ट, म्हणजे शब्दाला दुसरं पान जोडणं, ही कल्पना त्याच्या आधीची आहे. पण आधीच्या बऱ्याच सिस्टिम्समध्ये सगळ्या जोडण्यांची एक मध्यवर्ती नोंदवही असायची. पान हललं की नोंदवही बदलायची, आणि लिंक कधीही तुटायची नाही. टेड नेल्सनच्या झनाडू या स्वप्नात तर जोडणी दोन्ही बाजूंनी धरलेली होती. तुम्ही मला जोडलंत हे मला कळणारच.

बर्नर्स-लीने ती नोंदवही फेकून दिली. कुणीही कुणाच्याही पानाला, न विचारता, लिंक द्यावी. समोरच्याने पान हलवलं तर? तर तुटेल, बस. जाणकारांना हे अर्धवट वाटलं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनियो इथल्या हायपरटेक्स्ट परिषदेने त्याचा निबंध नाकारला आणि नुसतं प्रात्यक्षिक दाखवायला जागा दिली. पण नोंदवही नव्हती म्हणूनच वेब जगभर पसरलं, कारण कुणाची परवानगी लागत नव्हती. ४०४ ही त्या मोकळीकीची किंमत आहे. म्हणून ४०४ ला शिव्या देताना मी जरा जपून देतो.

आता गंमत बघा. वेबच्या अगदी पहिल्या आवृत्तीत, १९९१ च्या एचटीटीपीमध्ये, ४०४ नव्हताच. कुठलाच आकडा नव्हता. ब्राउझरने एका ओळीत पत्ता मागायचा, सर्व्हरने मजकूर द्यायचा. आणि पान नसेल तर? त्या वेळच्या कागदात स्पष्ट लिहिलंय की चूक झाली तर ती माणसाला वाचता येईल अशा मजकुरात सांगायची. ते चुकीचं पान आहे की बरोबर, हे मजकूर वाचूनच कळेल. म्हणजे सुरुवातीला "नाही सापडलं" हा माणसाने माणसाला दिलेला निरोप होता. मशीनला त्यातलं काहीच कळत नव्हतं.

मशीनला कळावं म्हणून १९९२ मध्ये तीन आकड्यांचे कोड आले. ते कुणी हवेतून काढले नाहीत. फाईल पाठवायची एफटीपी आणि मेल पाठवायची एसएमटीपी या जुन्या पद्धतींत तीन आकडी उत्तरं आधीपासून होती. तिथे पहिला आकडा महत्त्वाचा. जॉन पोस्टेलने लिहिलेलं १९८२ चं एसएमटीपी उघडून बघा: २ म्हणजे झालं, ४ म्हणजे आत्ता जमत नाही पण थोड्या वेळाने परत ये, ५ म्हणजे जमणारच नाही.

वेबने आकडे उचलले आणि अर्थ बदलला. ५ म्हणजे सर्व्हरची चूक, ४ म्हणजे क्लायंटची चूक. क्लायंट म्हणजे मागणारा. म्हणजे तुम्ही. म्हणजे काकी. मेलच्या जगात ४ ने सुरू होणारं उत्तर "जरा थांब, बघतो" असं होतं, वेबवर ते "तू चुकीचं मागितलंस" झालं. तांत्रिकदृष्ट्या यात काही वावगं नाही. इथे क्लायंट म्हणजे ब्राउझर हा प्रोग्रॅम, बाई नव्हे. पण साईटवाल्याने फोल्डर बदलला तरी कोड चारनेच सुरू होतो, आणि पाटी लागते मागणाऱ्याच्या नावाने.

आणि हां, ती सर्नमधल्या खोलीची गोष्ट. पहिला सर्व्हर ४०४ नंबरच्या खोलीत होता, तिथे फायली सापडायच्या नाहीत म्हणून ४०४, असं सांगणारे रील्स तुम्ही पाहिले असतील. ते खोटं आहे. बर्नर्स-लीचा तिथला सहकारी रॉबर्ट कायो याने हा प्रकार साफ फेटाळला आहे. चारशेच्या रांगेतला चौथा नंबर, इतकीच ती गोष्ट. ४०० म्हणजे मागणीच समजली नाही, ४०१ म्हणजे आधी ओळख दाखव, ४०३ म्हणजे मनाई, आणि ४०४ म्हणजे सापडलं नाही.

मला सगळ्यात जास्त धक्का मात्र पुढे बसला. मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चा कागद आला, आरएफसी १९४५. आम्ही इंजिनिअर लोक त्यातले आकडे पाठ करतो, बाकीचं कोण वाचतं? मी काकीच्या प्रकरणानंतर वाचलं. चारशेच्या चुकांखाली लिहिलंय की सर्व्हरने उत्तरासोबत काय बिघडलं याचा खुलासा द्यावा, आणि ही अडचण तात्पुरती आहे की कायमची हेही सांगावं. १९९६! म्हणजे मदत करणारं एरर पान ही कुठल्या डिझायनरची हुशारी नाही, ते मुळातच काम होतं. आपण आकडा ठेवला आणि खुलासा गाळला.

आता मी तुम्हाला परत मालवणात आणतो. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत परत आलेलं एक पाकीट आहे. आजोबांनी ते मुंबईला गिरणगावातल्या एका चाळीच्या पत्त्यावर, त्यांच्या दोस्ताला पाठवलं होतं. साल १९८२. १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झालेला, आणि कोकणातल्या कितीतरी चाकरमान्यांनी खोली सोडून गाव गाठला. पाकिटावर पोस्टमनने तिरक्या अक्षरात इंग्रजीत शेरा मारलाय: लेफ्ट. सोडून गेला.

एका शब्दाचा शेरा, पण त्यात केवढी माहिती आहे बघा. पत्ता चुकला नव्हता. माणूस तिथे राहत होता, आता नाही. पोस्टाकडे अशा शेऱ्यांची चांगली यादीच आहे: पत्ता अपुरा, या नावाचं कुणी नाही, घर बंद, घ्यायला नकार, मयत. प्रत्येकाचा पुढचा रस्ता वेगळा. घर बंद असेल तर उद्या परत. पत्ता अपुरा असेल तर पाठवणाऱ्याने नीट लिहावा. मयत असेल तर आता लिहू नये. आपण वेबवर या सगळ्याला एकच शब्द वापरतो. खरं तर जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये "होतं, पण आता कायमचं गेलं" यासाठी ४१० आहे, आणि हलवलं असेल तर ३०१ आधीपासूनच आहे. पण विचारा कुठल्याही डेव्हलपरला, शेवटचा ४१० कधी दिलास म्हणून. मीही दिला नव्हता.

आणि ज्या पत्राचा घेणारा सापडत नाही, पाठवणाऱ्याचा पत्ताही वर नाही, त्याचं काय? त्यासाठी इंग्रजांच्या काळापासून डेड लेटर ऑफिस होतं, मेलेल्या पत्रांची कचेरी. पुढे नाव सुधारून रिटर्न्ड लेटर ऑफिस झालं. १८९८ च्या टपाल कायद्यात तशी तरतूदच होती: नेमलेल्या माणसाने, गुप्तता पाळून, पाकीट उघडायचं. कशासाठी? पाठवणाऱ्याचा पत्ता आत कुठे सापडतो का, हे बघायला. इतरांचं पत्र उघडणं हा पोस्टात गुन्हा, पण परत पोचवण्यासाठी ती एक फट ठेवलेली. "सापडलं नाही" म्हणून हात झटकायचे नाहीत, ही तिथली कामाची पद्धत होती.

त्याच पाकिटावर आणखी एक गोष्ट आहे. आजोबांनी मागच्या बाजूला स्वतःचा पत्ता घातलाय: ता. मालवण, जि. रत्नागिरी. पण सिंधुदुर्ग जिल्हा तर १ मे १९८१ ला वेगळा झाला होता! म्हणजे परतीचा पत्ता कागदोपत्री चुकीचा होता. तरीही पाकीट गुपचूप घरी आलं. कुणी "असा तालुका या जिल्ह्यात आढळत नाही" म्हणून शिक्का मारला नाही. यालाच आमच्या भाषेत रिडायरेक्ट म्हणतात. पोस्टातला माणूस ते डोक्यात घेऊन फिरत होता.

पिन कोडची गोष्ट याच्या शेजारी ठेवून बघा. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन आला. त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल आणि तार मंडळातले वरिष्ठ अधिकारी. आणि बाजूला संस्कृत कवी! उलटीकडून वाचलं की रामाऐवजी कृष्णाची स्तुती होते, असलं विलोमकाव्य लिहिणारा माणूस. मला वाटतं असल्याच डोक्याला सहा आकड्यांत देश बसवणं जमतं. एकाच नावाची ढीगभर गावं, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते, गिचमिड अक्षर, हा सगळा त्या वेळचा ४०४ होता. पिनच्या पहिल्या तीन आकड्यांतून पत्र वर्गीकरणाचा भाग कळतो, शेवटच्या तीन आकड्यांतून वाटप करणारं पोस्ट. महसुली जिल्ह्याशी त्याला फार देणंघेणं नाही. मालवणचा ४१६६०६, कोल्हापूर शहराचा ४१६००१, आणि रत्नागिरीचा मात्र ४१५६१२. जिल्हे फुटोत, नावं बदलोत, आकड्याला काय त्याचं?

बर्नर्स-लीने १९९८ मध्ये एक छोटा लेख लिहिला, त्याचा गाभा हाच: जे उद्या बदलणार आहे ते पत्त्यात घालू नका. विभागाचं नाव, साहेबाचं नाव, सॉफ्टवेअरचं नाव, "नवीन" हा शब्द. काकीच्या लिंकमध्ये फोल्डरचं नाव काय होतं सांगू? "नवीन" हाच शब्द, इंग्रजी अक्षरांत. पुढे त्याहून नवीन आलं.

आणि ही फक्त आपल्याकडची रडकथा नाही. अमेरिकेच्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये मोजलं, तर २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. शंभरातली अडतीस!

मधल्या काळात या पांढऱ्या पानावर कुणाकुणाचा डोळा पडला तेही सांगतो, पटकन. १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ ला वाटलं की सर्व्हरची पानं फार रुक्ष असतात, म्हणून तो स्वतःचं "मैत्रीपूर्ण" पान दाखवायला लागला. नियम असा की साईटचं ४०४ चं पान ५१२ बाइटपेक्षा लहान असेल तर ते फेकून द्यायचं. त्यामुळे दोन ओळीत नेमकं सांगणारं पान गायब व्हायचं, आणि लोक आपल्या पानात मुद्दाम निरर्थक मजकूर कोंबून ते फुगवायचे. सप्टेंबर २००३ मध्ये व्हेरीसाइन या कंपनीने तर कहर केला. डॉट कॉम आणि डॉट नेटची यादी त्यांच्याकडे होती. तुम्ही अस्तित्वात नसलेलं कुठलंही नाव टाकलं की ते तुम्हाला आपल्या शोधपानावर न्यायचे, जाहिरातींसकट. म्हणजे लोकांच्या टायपिंगच्या चुकांची जत्रा भरवली. इतकी बोंब झाली की तीन आठवड्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, ते बंद करावं लागलं. याच्या उलट, २०१२ मध्ये बेल्जियममध्ये हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी एक कल्पना काढली: ४०४ च्या पानावर हरवलेल्या मुलाचा फोटो दाखवायचा. पान सापडलं नाही, पण हे मूल तुम्हाला कुठे दिसलंय का? मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंतराळवीराची मला लाज वाटली.

इथे एक आडवाट घेतो, कारण मालवणचा माणूस सिंधुदुर्ग किल्ल्याशिवाय एपिसोड संपवत नाही. १६६४ मध्ये काम सुरू झालेल्या या किल्ल्याचा दरवाजा समोरून बोटीने गेलात तरी दिसत नाही. बुरुजांच्या वळणात तो लपवलाय. अगदी जवळ गेल्याशिवाय आत जायची वाट कुठे आहे हेच कळत नाही. शत्रूला मुद्दाम दिलेला ४०४! वेबवरही हे चालतं. गिटहबवर तुम्हाला परवानगी नसलेला खाजगी प्रकल्प उघडायला गेलात तर "मनाई" म्हणत नाहीत, "सापडलं नाही" म्हणतात, कारण मनाई म्हटलं की आत काहीतरी आहे हे कळतं. नियमांतही याला मुभा आहे. तेव्हा न सापडणं ही कधीकधी सोय असते. पण नुकसानभरपाईचा अर्ज हा किल्ला नाही हो.

आता मराठीचा खास त्रास. हा मला कुठल्या इंग्रजी ब्लॉगने सांगितला नाही, लॉग बघून कळला.

झालं असं, की त्या पावसाळ्यात मी काकीच्या शेजाऱ्यांच्या न्याहारी-निवासाची छोटीशी साईट बनवून दिली. तारकर्ली रस्त्यावरच्या तीन खोल्या. मोबदला म्हणून सोलकढी आणि तिसऱ्या. हौसेने पानांचे पत्ते मराठीत ठेवले. महिनाभराने ४०४ चा लॉग उघडला तर त्याच पानांची रांग. पानं तर जाग्यावर होती!

पहिलं कारण लांबी. पत्त्यात देवनागरी लिहिली की प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट तीन अक्षरांत लिहिला जातो. "मालवण" यातली पाच चिन्हं, काना धरून, पंचेचाळीस अक्षरं होतात. असा पत्ता मेसेजमध्ये चिकटवला की तो टक्क्यांचा साप दिसतो, आणि कॉपी करताना शेपूट राहून जातं. शेपूट तुटलेला पत्ता म्हणजे ४०४.

दुसरं कारण आपला लाडका अर्धा र. "किनाऱ्यावर" हा शब्द माझ्या पत्त्यात होता. पूर्वी संगणकावर हा शब्द बहुतेक जण र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह घालून टाईप करायचे. आता बरेच कीबोर्ड त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर वापरतात. डोळ्याला दोन्ही सारखे. सर्व्हरला दोन वेगळे शब्द. युनिकोडची नेहमीची साफसफाई हे दोन एक करून देत नाही. म्हणजे पाहुण्याने बरोबर शब्द बरोबर टाईप केला, आणि आम्ही त्याला चारशेच्या रांगेत, चूक तुझी म्हणून उभं केलं. त्यात सिंधुदुर्ग, सिंधूदुर्ग, सिंधुदूर्ग अशा ऱ्हस्वदीर्घाच्या तऱ्हा वेगळ्या. शाळेत त्यासाठी मार्क जायचे, इथे गिऱ्हाईक जातं.

मराठी विकिपीडियावर याच्यावर जुना, साधा उपाय आहे: चुकीच्या लेखनाचं पान बनवायचं आणि ते बरोबर लेखाकडे वळवायचं. आणि लेखच नसेल तर लाल दुवा. मला लाल दुवा हा जगातला सगळ्यात सभ्य ४०४ वाटतो. आतून तो खरंच ४०४ असतो, पण पान म्हणतं, हा लेख अजून कुणी लिहिला नाही, तुम्ही लिहिता का?

तर मी काय केलं. पत्ते इंग्रजी अक्षरांत आणि छोटे केले, जुने सगळे मराठी पत्ते त्यांच्याकडे वळवले, अर्ध्या र च्या दोन्ही रूपांसकट. मग उरलेल्यांसाठी ४०४ चं पान बनवायला घेतलं. हे करणं अवघड नाही. अपाची सर्व्हरला एरर-डॉक्युमेंट नावाची एक ओळ लिहावी लागते, एनजिनएक्सला एरर-पेज. पण त्या एका ओळीत मी दोनदा आपटलो. अपाचीला मी पानाचा पूर्ण पत्ता दिला, एचटीटीपीपासून. त्यामुळे तो पाहुण्याला सरळ तिकडे पाठवायला लागला आणि ४०४ हा कोडच हरवला. गुगलला वाटलं सगळं ठीक आहे आणि तो "सापडलं नाही" असं म्हणणारी पानं शोधात दाखवायला बसला. नुसता तिरप्या रेघेपासूनचा पत्ता द्यायचा असतो. दुसरं म्हणजे, पानातलं चित्र आणि रंगरूप मी शेजारच्या फोल्डरमधून मागवलं होतं. पण ४०४ कुठल्याही खोलीवरच्या पत्त्यावर उघडू शकतो, म्हणून दोन फोल्डर आतल्या चुकीच्या पत्त्यावर पान उघडं बोडकं दिसायला लागलं. तिथेही मुळापासूनचा पत्ता हवा.

कुणी म्हणेल, सगळ्यांना मुखपृष्ठावर ढकलून दे की. नको. माणूस खोलीचे दर बघायला आला आणि समोर अचानक समुद्राचा फोटो आला, तर त्याला वाटतं आपलंच बोट चुकलं. परत काकी.

चित्र शेवटी काढूनच टाकलं. देवबागच्या टोकाला एक काडी नेटवर्क असतं, तिथे अंतराळवीर उतरत नाही. ठेवलं ते इतकंच: काय झालं ते एका वाक्यात, खोल्या, दर आणि कसं यायचं या तीन लिंक, आणि फोन नंबर, तोही दाबला की लागणारा.

राहिला मजकूर. मी लिहिलं होतं, "आपण शोधत असलेले पृष्ठ आढळले नाही." काकीला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "आढळले नाही? ता पोलिसांचा वाटता."

मग मी लिहिलं, "हे पान सापडत नाही."

"कोणाक? माका की तुका?"

प्रश्न बरोबर होता. एवढे सगळे कागद वाचून मला जे एका वाक्यात मांडता आलं नव्हतं ते तिने विचारलं. शेवटी आम्ही दोघांनी मिळून पान लिहिलं. ते आजही तसंच आहे: "हे पान आता इथे नाही. आम्ही ते हलवलं असेल किंवा तुम्हाला आलेली लिंक अर्धवट असेल. तुमच्या फोनमध्ये काही बिघाड नाही. खाली बघा, नाहीतर आम्हाला फोन करा." खाली मालवणीत एक ओळ काकीची: "गावाक नाय तर फोन कर, रे झिला."

४०४ हा आकडा पानावर नाही. तो सर्व्हर ब्राउझरला सांगतो, त्यांचं ते बघून घेतील.

कंपनीतला अंतराळवीरही पुढच्या रिलीजमध्ये गेला. त्यावर अर्धा तास मीटिंग झाली, त्यातली वीस मिनिटं तो काढल्याचं दुःख करण्यात गेली. न्याहारी-निवासवाले सांगतात की अधूनमधून फोन येतो, "तुमचं ते पान नाही म्हणे, पण खोली आहे का?" काकीची एकच तक्रार उरलीय. नंबर अजून मोठ्या अक्षरात हवा, तिला चष्म्याशिवाय दिसत नाही. या शनिवारी करतो.